गोटा टायर चांगला की वाईट?

गेल्या जूनमधली गोष्ट. पहिला पाऊस पडला त्या दिवशी आमच्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा गुडघ्याला पट्टी बांधून शाळेत आला. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून येत होता, वळणावर स्कूटर घसरली. लागलं फारसं नव्हतं. पण पंक्चरवाल्या काकांनी मागचा टायर पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अहो, हा पार गोटा झालाय! पावसात फिरता कसे यावर?" त्याच दिवशी नवा टायर बसला.

आता गंमत ऐका. या मुलाला मोटारींचं भारी वेड. त्याच्या वहीच्या कव्हरवर शर्यतीच्या गाडीचं चित्र होतं. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन तो माझ्याकडे आला. "बाई, हे बघा. या गाडीचे तर चारही टायर गोटा! नक्षीच नाही. मग ही का नाही घसरत?"

प्रश्न अगदी चोख होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगते" म्हटलं आणि सुटका करून घेतली. उद्याचे पंधरा दिवस झाले, पण वाचता वाचता मलाच त्यात मजा वाटू लागली. तीच तुम्हाला सांगते.

आधी एक प्रयोग. एक नवं खोडरबर घ्या आणि बाकावर दाबून सरकवा. सरकायला त्रास देतं ना? आता आईला किंवा बाबांना सांगून त्याच्या खालच्या बाजूला ब्लेडनं पाच-सहा खोल चिरा पाडून घ्या (ब्लेड तुम्ही हातात घ्यायचं नाही!) आणि पुन्हा दाबून सरकवा. चिरांमधले तुकडे लगालगा हलतात, वाकतात. शिवाय चिरांच्या जागी बाकाला टेकायला रबरच उरत नाही. कोरड्या रस्त्यावर टायरचं असंच होतं. जितकं जास्त रबर रस्त्याला टेकेल आणि जितकं कमी डुगडुगेल, तितकी पकड घट्ट. म्हणून कोरड्या ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला मुद्दाम गुळगुळीत टायर लावतात. त्याला म्हणतात स्लिक. स्कूटरचा टायर झिजून गोटा होतो, तेव्हा त्याचं चांगलं रबर संपलेलं असतं. स्लिक मात्र जन्मतःच गुळगुळीत, आणि त्याचं रबर मऊ, चिकट.

मग खाचा कशाला हव्यात? पाण्यासाठी! इथं थोडं गणित करू. समजा टायर 255 मिलिमीटर रुंद आहे, रस्त्यावर 3 मिलिमीटर पाणी साचलंय आणि गाडीचा वेग ताशी 80 कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे 22 मीटर आहे. तिन्ही आकड्यांचा गुणाकार करा. उत्तर येतं साधारण 17 लिटर. म्हणजे एका टायरला दर सेकंदाला बादलीभर पाणी वाटेतून बाजूला सारावं लागतं! खाचा नसतील तर ते पाणी जाणार कुठं? ते टायरच्या खालीच अडकतं, गाडी पाण्याच्या पातळ थरावर तरंगते आणि मग स्टिअरिंग फिरवलं काय नि ब्रेक दाबला काय, काही उपयोग होत नाही.

इथवर सोपं आहे. ट्रॅकवर स्लिक, रस्त्यावर खाचांचा टायर. पण एकच गाडी दोन्हीकडे न्यायची असेल तर?

असं कोण करतं, असं वाटेल. जर्मनीत हजारो लोक करतात. तिथं आयफेल नावाच्या डोंगराळ भागात, न्युर्बुर्ग गावच्या जुन्या किल्ल्याभोवती, 1927 साली एक शर्यतीचा मार्ग बांधला गेला. त्याचं नाव न्युर्बुर्गरिंग. त्याचा उत्तरेकडचा भाग, नॉर्डश्लायफं, 20.8 कि.मी. लांब आहे. दाट झाडीतून जाणारी सत्तरहून जास्त वळणं आणि सुमारे 300 मीटरचा चढ-उतार! जॅकी स्टुअर्ट या जगज्जेत्या चालकानं त्याला 'हिरवा नरक' असं नावच देऊन टाकलं. आणि शर्यत किंवा चाचणी नसेल त्या दिवशी हा मार्ग सर्वांसाठी खुला असतो. टोल भरा, आपली गाडी आत घाला. एकेरी वाहतूक, ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि शर्यत लावायला किंवा घड्याळ लावून वेळ मोजायला सक्त मनाई. कायद्याच्या नजरेत तो तेव्हा टोलचा रस्ताच असतो. त्यामुळे रस्त्यावर चालवायला परवानगी नसलेला टायर तिथंही चालत नाही. म्हणजे खरा स्लिक आधीच बाद!

समजा, एक काका कोलोन शहरात राहतात. त्यांच्याकडे पोर्शे 911 जीटी3 ही स्पोर्ट्स कार आहे. रविवारी सकाळी ते घरून निघतात, महामार्गानं नव्वदेक कि.मी. जातात, या मार्गावर तीन-चार फेऱ्या मारतात आणि संध्याकाळी त्याच गाडीनं, त्याच टायरवर घरी परततात. त्यांनी कुठला टायर घ्यावा?

दुकानात त्यांच्यापुढे मुख्यतः दोन प्रकार येतात. एक सेमी-स्लिक, म्हणजे अर्धा गोटा. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप 2 हा त्यातला नावाजलेला. खाचा मोजक्याच, बाहेरच्या कडेला तर जवळजवळ सलग रबर, कारण वळणावर गाडीचा सगळा भार तिकडेच पडतो. दुसरा प्रकार रस्त्यासाठीच बनवलेला, पण जलद गाड्यांना झेपेल असा. त्याच कंपनीचा पायलट स्पोर्ट 4 एस हा अशातला. टायरवर झीज सांगणारा एक आकडा असतो. आकडा मोठा, तर टायर जास्त टिकणार. पहिल्याचा आकडा 180, दुसऱ्याचा 300. पकड हवी तर रबर मऊ हवं, आणि मऊ रबर लवकर झिजतं. तुमचं मऊ खोडरबर नाही का लवकर संपत?

सेमी-स्लिक काय करू शकतो, त्याचा एक दाखला देते. 2021 साली पोर्शेच्या चालकानं 911 जीटी3 ही गाडी या संपूर्ण मार्गावर 6 मिनिटं 59.927 सेकंदांत फिरवून आणली. सरासरी वेग ताशी 178 कि.मी.! टायर होता कप 2 आर, म्हणजे कप 2 चा आणखी कडक भाऊ. पण ही कामगिरी मुद्दाम ठरवून, रिकाम्या मार्गावर, कसलेल्या चालकानं केलेली. रविवारी येणाऱ्या आपल्या काकांची गोष्ट निराळी.

कारण आयफेलचं हवामान महालबाडं. मार्ग इतका लांब, की एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस असं खुशाल होतं. 1 ऑगस्ट 1976 ला इथं फॉर्म्युला वनची शर्यत होती. मार्ग काही ठिकाणी ओला, काही ठिकाणी कोरडा. जवळजवळ सगळ्यांनी पावसाचे टायर लावून सुरुवात केली. योखेन मास या जर्मन चालकानं मात्र जुगार खेळला आणि स्लिक लावले. मार्ग भराभर सुकत गेला आणि तो सगळ्यांच्या पुढे निघाला. बाकीचे घाईघाईनं टायर बदलायला आत आले. त्यांत आदल्या वर्षीचा जगज्जेता निकी लाउडाही होता. स्लिक लावून तो बाहेर पडला, आणि त्याच फेरीत एका डाव्या वळणावर त्याची गाडी मार्ग सोडून आदळली आणि पेटली. चार चालकांनी आपापल्या गाड्या थांबवल्या आणि आगीत शिरून त्याला बाहेर काढलं. तो फार भाजला होता. अपघात टायरमुळेच झाला असं म्हणता येत नाही, गाडीचं मागचं काही तुटलं असावं असं पुष्कळांना वाटतं. नेमकं कारण कधीच ठरलं नाही. पण एवढ्या मोठ्या मार्गावर 'आज कुठला टायर?' हा प्रश्न जगातल्या सर्वांत तरबेज लोकांनाही कसा पेचात टाकतो, ते त्या दिवशी दिसलं. फॉर्म्युला वनची शर्यत त्यानंतर नॉर्डश्लायफंवर झालीच नाही. आणि लाउडा? 42 दिवसांनी, डोक्यावरच्या जखमा पुरत्या भरलेल्या नसताना, तो इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत उतरला आणि चौथा आला!

आपल्या काकांकडे वळू. सेमी-स्लिक घेतला तर आणखी दोन भानगडी आहेत. पहिली उष्णतेची. त्याचं रबर चांगलं तापल्याशिवाय पुरतं चिकट होत नाही. म्हणजे सकाळच्या गारठ्यात, पहिल्याच वळणावर, तो महागडा टायर साध्या टायरपेक्षाही कमी पकड देऊ शकतो. हिवाळ्यात तर तो लावूच नये. कडाक्याच्या थंडीत त्याचं रबर तडकूही शकतं.

दुसरी भानगड हवेची. टायर तापला की आतली हवाही तापते आणि दाब वाढतो. 20 अंश तापमानाला 30 पौंड हवा भरली असेल, तर टायर 80 अंशांवर गेल्यावर दाब 39 पौंडांच्या आसपास पोचतो. (नववी-दहावीतल्या ताई-दादांनी वायूंचे नियम वापरून ताळा करून बघावा. हवेचा बाहेरचा दाब मिळवायला विसरू नका!) टायर इतका फुगला की मध्यभागी फुगवटा येतो, कडा उचलल्या जातात आणि पकड कमी होते. म्हणून ट्रॅकवर जाणारे लोक सुरुवातीला थोडी कमी हवा ठेवतात. आणि नेमकी इथंच चूक होते. फेऱ्या संपतात, चहा होतो, गप्पा होतात, टायर थंड पडतात आणि हवा कमीच राहते. तशीच गाडी महामार्गावर वेगानं पळवली, तर टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो-सुटतो, आतून तापतो आणि फुटूही शकतो. ट्रॅकवर धडधाकट राहिलेला माणूस घरच्या वाटेवर संकटात! माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे हवा मोजायचं मीटर.

मग काकांनी काय करावं? पैसा आणि हौस दोन्ही असलेले लोक चार जादा चाकं मागच्या छोट्या ट्रेलरवर घालून नेतात. रस्त्याच्या टायरवर जायचं, तिथं जॅक लावून ट्रॅकची चाकं चढवायची, संध्याकाळी पुन्हा उलटा कारभार. उत्तम उपाय, पण खटाटोप फार. काका वर्षातून चार-पाचदाच जाणार असतील आणि उरलेले दिवस ऊनपावसात गाडी चालवणार असतील, तर मी त्यांना बिनधास्त रस्त्याचाच चांगला टायर घ्यायला सांगीन. फेरीला काही सेकंद जास्त लागतील. लागू देत की! तसंही वेळ मोजायला मनाईच आहे.

आणि याचा एक फायदाही आहे. रस्त्याचा टायर सुटायच्या आधी चालकाला सांगतो. हळूहळू घसरतो, मोठ्यानं कुंईऽऽ असा ओरडतो. सेमी-स्लिक बराच वेळ गप्प राहतो, धरून ठेवतो, धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो. तोवर वेगही जास्त झालेला असतो. म्हणून नवशिक्यानं साध्या टायरवरच शिकावं, असं अनेक जाणकार सांगतात.

काकांनी कुठलाही टायर घेतला तरी त्याच्या कडेवर लिहिलेलं वाचायला हवं. 255/35 झेडआर 20 हे त्या पोर्शेच्या पुढच्या टायरचं माप. 255 मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या 35 टक्के, म्हणजे सुमारे 89 मिलिमीटर, आणि रिम 20 इंची. खाचांची खोलीही बघायची. नव्या मोटारीच्या टायरला ती साधारण 8 मिलिमीटर असते, सेमी-स्लिकला त्याहून कमी. 1.6 मिलिमीटरच्या खाली गेला की युरोपात तो टायर चालवणं बेकायदेशीर ठरतं. पण पावसात धोका त्याच्या कितीतरी आधीपासून वाढत जातो.

आणि एक चार आकडी संख्या असते, बरं का. ती स्कूटरच्या टायरवरही सापडते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3522 असेल तर टायर 2022 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर नुसतं ठेवलं तरी वयानं कडक होतं, म्हणून ही जन्मतारीख बघायची.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आतच तो मुलगा वही नाचवत आला. मागचा टायर नवा होता, पण यानं घरी गेल्या गेल्या स्कूटरच्या पुढच्या टायरसमोर बैठक मारली होती. वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं 1214.

"बाई, बारावा आठवडा, 2014! हा टायर माझ्यापेक्षा मोठा आहे!"

त्याचे बाबा शाळा सुटल्यावर त्याला घ्यायला आले, ते चालत.