वीटभट्टीवर थकलेली मने

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आठवतात. पण दिवाळी सरली की या तालुक्यातील वीटभट्ट्यांवर कातकरी आणि वारली कुटुंबे कामाला येतात आणि पावसाच्या तोंडावर गावी परततात. हंगामाआधी घेतलेली उचल विटा पाडून फेडायची असते. हिशेब जुळला नाही, तर कर्ज पुढच्या वर्षावर जाते. या काळजीने मन थकते.

हे दुखणे ओळखणे सोपे नाही, कारण “मला उदास वाटते” असे तिथे क्वचितच कोणी म्हणते. डोके भणभणते, छाती धडधडते, झोप लागत नाही, अशी शरीराचीच तक्रार असते. गोळी मिळते, मूळ त्रास तसाच राहतो. कोणी दारूकडे वळतो, कोणाला घरचे “बाहेरचे लागले” म्हणून भगताकडे नेतात. त्यावरून वाद घातला, तर ते कुटुंब पुन्हा आपल्याशी बोलणार नाही. आधी ऐकावे, मग “डॉक्टरांनाही दाखवू या” म्हणावे.

भेटीला जाताना त्यांची बोली जाणणारी मोठी व्यक्ती सोबत घ्यावी. आईचे दुःख मुलाकडून वदवून घेऊ नये, आणि मुकादमासमोर तर विचारूच नये.

झोप, भूक आणि बोलणे दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवले असेल, तर उपचार हवेत. “जगून काय करू?” असे कोणी म्हणाले, तर जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. त्या माणसाला एकटे सोडू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यावे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत असून दिवसरात्र चालू असतो. त्यावर मराठीत आणि हिंदीत बोलता येते.

रेशनकार्ड गावी राहिले, म्हणून अनेक जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला, कार्ड जवळ नसले तरी, सरकारी मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे. हे त्यांना जरूर सांगावे.

उपचार बहुधा तुटतात ते हंगाम संपताना. म्हणून भट्टी सोडण्यापूर्वी डॉक्टरांची चिठ्ठी आणि पुरेशी औषधे सोबत आहेत ना, हे पाहावे. गावाजवळचे आरोग्य केंद्रही सांगून ठेवावे. बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

मात्र उचलीचा फास गोळीने सुटत नाही. हिशेबाची वही वाचून देणारा सोबती हाही उपचाराचाच भाग आहे.