मुलाला नेम शिकवण्यापूर्वी

भातपीक दाणे धरू लागले की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील शेतकऱ्यांची झोप उडते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक लोळवतो, तर गवे बागायतीत शिरतात. घरात परवान्याची बंदूक असेल, तर राखणीला निघालेल्या वडीलधाऱ्यांसोबत एखादे मूलही जाते आणि पाहून शिकते. त्याने नेमके काय शिकावे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

हरणाच्या शिकारीस परवानगी असलेल्या अमेरिकेसारख्या देशांत नवशिक्या मुलाला नेमाची नीती आधी शिकवतात. जनावर आडवे उभे असावे आणि गोळी पुढच्या पायाच्या किंचित मागे, हृदय व फुप्फुसांच्या जागी लागावी. म्हणजे मृत्यू लवकर येतो. पोटात लागलेली गोळी जनावराला तासन्‌तास तळमळत ठेवते. अंतर जास्त, उजेड अपुरा किंवा जनावरामागे काय आहे ते अस्पष्ट असेल, तर चाप ओढायचाच नाही.

गोव्यात मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सांबर, भेकर, चितळ आणि राज्यप्राणी गवा यांच्या शिकारीस बंदी आहे. फास किंवा सापळा लावणे, इतकेच नव्हे तर तसा प्रयत्न करणे हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय. पिकांची नासधूस करणाऱ्या काही प्राण्यांबाबत वन खात्याचे अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. परंतु पीक राखणीसाठीचा बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. शिवाय २१ वर्षांखालील व्यक्तीला असा परवाना मिळत नाही.

कायदा बाजूला ठेवला, तरी रात्री बॅटरीच्या झोतात ठासणीच्या बंदुकीतून काढलेला बार नेमाच्या नीतीत बसत नाही. जनावर जखमी होऊन रानात पळते. काळोखात झुडपामागे माणूसही असू शकतो. फास तर काहीच पारखत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबटा अडकतो. २००९मध्ये सत्तरीतील केरी परिसरात फासात सापडलेला वाघ मारला गेला.

त्यामुळे मुलाला शिकवण्याजोग्या गोष्टी वेगळ्या आहेत: ठशांवरून जनावर ओळखणे, फास दिसल्यास हात न लावता वन खात्याला कळवणे, जखमी जनावरापासून दूर राहणे, नुकसानीची छायाचित्रे काढून विभागीय कृषी कार्यालयात भरपाईसाठी अर्ज करणे आणि सौर कुंपणाची देखभाल करणे. पीक त्यानेही राखले जाते आणि कोणताही जीव तळमळत मरत नाही.