सर्पगंधेची मुळी आणि सकाळची गोळी

बेळगुंदीच्या शिवारातील भाताची मळणी आटोपली की माणसे थोडी मोकळी होतात, आणि मोकळी झालेली माणसे दुखण्याखुपण्याविषयी बोलू लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका पौषात आमचे थोरले बंधू सोप्यात बसून सांगत होते, की आपण रक्तदाबाची गोळी सोडली. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासले तेव्हा त्यांचा रक्तदाब १७०/१०० भरला होता. रोज सकाळी एक गोळी घेण्यास सांगितले. चार महिन्यांत तो १३०/८० वर आला. दादांनी त्याचा सरळ अर्थ लावला, की रोग गेला. मग रोज गोळी कशाला? त्याऐवजी बाजारातून कोणी आणून दिलेले सर्पगंधेच्या मुळीचे चूर्ण ते मन होईल तेव्हा चिमूटभर घेऊ लागले. "झाडपाल्याचे औषध आहे, गुरुजी. उपाय झाला नाही तरी अपाय तो काय होणार?" असे त्यांनी आम्हांसच विचारले.

आम्ही गप्प राहिलो. थोरल्या भावाशी वाद घालू नये हे एक कारण. दुसरे असे, की आमचे बालपणही आजीच्या बटव्यावरच गेले. तिचा काढा, तिचा ओवा, तिची हळद यांविषयी आमच्या मनात जो जिव्हाळा आहे, त्यापुढे पुस्तकी ज्ञानाची जीभ अडखळली.

चैत्रातल्या एका पहाटे पाच वाजता दादांच्या हातून तांब्या गळून पडला. तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. शेजारीपाजारी जमले आणि म्हणाले, "अंगावरून वारे गेले." कोणी दूरच्या एका गावचा तेल चोळणारा सांगितला, कोणी कबुतराचे रक्त लावण्यास सांगितले. तेथे जाऊन येण्यात दुपार टळली. सायंकाळी बेळगावच्या इस्पितळात पोहोचलो, तेव्हा तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे किती वाजता झाले?" आम्ही वेळ सांगितली. त्यांनी भिंतीवरील घड्याळाकडे पाहिले आणि क्षणभर काही बोलले नाहीत. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन असते. ते पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आम्ही बारा तासांनी आलो होतो.

दोष कोणाचा? मुळीचा म्हणावा, तर त्या मुळीचा इतिहास आम्हांस तसे म्हणू देत नाही. तोच इतिहास वाचकांपुढे ठेवावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

सर्पगंधा ही आपल्या देशात पुरातन काळापासून ठाऊक असलेली वनस्पती. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणत, कारण खवळलेल्या रुग्णास शांत करण्यासाठी ती देत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या वैद्यक-जाणकारांनी तिचा रक्तदाबावरील परिणाम प्रसिद्ध केला. तथापि जगाचे लक्ष तिकडे वेधले ते मुंबईच्या एका डॉक्टरांनी. डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगाचे तज्ज्ञ. त्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ही मुळी मोजून दिली, नोंदी ठेवल्या, आणि १९४९ साली ते निष्कर्ष ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात छापून आणले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा या कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली, रक्तवाहिन्या आवळणारी जी द्रव्ये असतात, त्यांचा साठा रेसरपीन रिकामा करते. वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार लाभला.

याहूनही मोठी गोष्ट पुढेच आहे. रक्तदाब उतरविल्याने माणसाचे खरोखर भले होते काय, याविषयी त्या काळी डॉक्टरांतच मतभेद होते. त्याचा निकाल १९६७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांवरील एका चाचणीने लावला. अतिशय चढलेला रक्तदाब असलेले १४३ पुरुष घेतले. निम्म्यांना खरी औषधे, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. पोकळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी २७ जणांवर गंभीर संकट ओढवले, खऱ्या औषधवाल्यांपैकी केवळ दोघांवर. त्या खऱ्या औषधांत तीन द्रव्ये होती, आणि त्यांतील एक होते रेसरपीन. म्हणजे आमच्या रानातील मुळीने जगास पक्षाघात टाळण्याचा पुरावा दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मग आज डॉक्टर ती का देत नाहीत? कारण त्याच कसोटीने तिचे दोषही उघड केले. मात्रा वाढली की रेसरपीनने मन खिन्न होते, सुस्ती येते, नाक चोंदते. पुढे कमी त्रासाची औषधे निघाली आणि ती मागे पडली. शिवाय कच्च्या मुळीत द्रव्य किती आहे, हे रोपाच्या जागेवर, वयावर आणि साठवणीवर अवलंबून असते. चिमटीत कधी थोडे येते, कधी फार. बाजारात मिळालेले चूर्ण खरोखर सर्पगंधेचेच आहे, याचीही शाश्वती नाही. डॉ. वकील यांनी मुळी दिली ती मोजून, रोज, आणि दाब तपासत. दादांनी घेतली ती न मोजता, आठवण होईल तेव्हा, आणि दाब न तपासता. मुळी एकच होती, भेद पद्धतीचा होता. अपाय होणारच नाही हे गृहीत मात्र पुरते चुकीचे होते. ज्या वस्तूत उपाय करण्याचे बळ आहे, तिच्यात अपाय करण्याचेही बळ असतेच.

आजीच्या बटव्यास हीच कसोटी लावून पाहावी. लसणीने रक्तदाब थोडासा उतरतो असे काही चाचण्यांत दिसले आहे. ती आमटीत जरूर असावी, परंतु गोळीची जागा घेण्याइतके तिचे बळ नाही. उलट खोकल्यावर आपण ज्येष्ठमध चघळतो. तो अधिक दिवस व अधिक प्रमाणात घेतल्यास शरीरात मीठ व पाणी साठते आणि रक्तदाब चढतो, हे किती घरांत ठाऊक आहे? आणि सर्वांत मोठा अपराधी तर बटव्यात नाहीच, तो मिठाच्या सटात आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. आमच्या सीमाभागातील ताटातले लोणचे, पापड, सांडगी मिरची, सुकी मासळी आणि वर भाकरीबरोबर घेतलेले चिमूटभर मीठ यांची बेरीज केली, तर हा चमचा दुपारीच ओलांडला जातो. चीनमधील ६०० खेड्यांत काहींना नेहमीचे मीठ व काहींना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले. २०२१ साली निष्कर्ष आला, की दुसऱ्या गटात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी असले मीठ डॉक्टरांना विचारल्याविना वापरू नये.

नव्या उपचारांविषयीही वाचकांच्या कानांवर बरेच काही येत असेल. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीभोवतालच्या मज्जातंतूंना नळीवाटे उष्णता अथवा ध्वनिलहरी देऊन शांत करण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २०२३ च्या नोव्हेंबरात मान्यता मिळाली. यकृतात तयार होणारे, दाब वाढविणारे एक प्रथिनच तयार होऊ न देणारे, सहा महिन्यांतून एकदा टोचावयाचे इंजेक्शन चाचणीच्या टप्प्यांत आहे. दोन किंवा तीन औषधे एकाच गोळीत घालण्याची प्रथा वाढत आहे, आणि विसराळू माणसांस ती फार सोयीची. या सर्वांचे स्वागतच आहे. तथापि आमच्या गावांची अडचण नव्या औषधाची नाही. जुनी, स्वस्त, सरकारी केंद्रात मिळणारी गोळी रोज घेण्याची आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांचा रक्तदाब चढलेला आढळला. म्हणजे तीन माणसांत एक. या रोगाला वेदना नाही, म्हणून तो कळत नाही, आणि गोळीने बरे वाटावे असे काही दुखत नसल्याने ती सोडावीशी वाटते. आमच्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, तसेच सातारा, भंडारा व वर्धा येथे, २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात विशेष काही जादू नव्हती: ठराविक औषधे, ठराविक मात्रा, प्रत्येक रुग्णाचे कार्ड, आणि न आलेल्यास हाक. आमच्या बेळगावातही २००६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केंद्र स्थापिले. आज ते राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था या नावाने काम करते. परंपरेचा खरा अभिमान असेल तर तिला कसोटीवर घासून पाहावे, ही दृष्टी आमच्या दारातच नांदत आहे.

सीमाभागातील घरांस एक वेगळी अडचण आहे, ती मुद्दाम नोंदवितो. गोळीच्या पाकिटावर इंग्रजी, कार्डावर कन्नड, आणि घरातील म्हाताऱ्यांस वाचता येते ते मराठी. कन्नडशी आमचे वैर नाही, ती आमच्या शेजघरची भाषा. परंतु सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची सकाळी घेतली जाते, तेव्हा भाषेचा प्रश्न औषधाचा होतो. आमच्या शाळेत सातवीच्या मुलांना आम्ही एक काम दिले. प्रत्येकाने आजीआजोबांच्या पाकिटांवर मराठीत नाव लिहावे, सकाळच्या गोळीवर सूर्य व रात्रीच्या गोळीवर चंद्र काढावा, आणि महिन्यातून एकदा त्यांना आरोग्य केंद्रात नेऊन दाबाचे आकडे वहीत उतरवावेत. तीन भाषा शिकणाऱ्या मुलांनी तिन्हींचा याहून चांगला उपयोग तो कोणता करावा?

वाचकहो, दोनच गोष्टी ध्यानी ठेवा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा, आणि गोळी सुरू झाल्यावर आकडा उतरला म्हणजे गोळी काम करीत आहे असे समजावे, रोग गेला असे नव्हे. आणि कोणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहावे आणि तडक मोठे इस्पितळ गाठावे. तेल चोळण्यास पुढे आयुष्य पडले आहे.

दादा आता काठी टेकीत अंगणापर्यंत येतात. उजवा हात तितकासा वळत नाही, बोलणे कळण्यास कान द्यावा लागतो. त्यांची नात आमच्याच शाळेत सातवीत आहे. रोज सकाळी शाळेस निघण्यापूर्वी ती सूर्य काढलेल्या पाकिटातली गोळी त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवते आणि पाण्याचा पेला हाती देते. ते गोळी गिळतात, आणि ओसरीवर उभ्या असलेल्या आमच्याकडे पाहतात. त्या पौषात आम्ही जे बोललो नाही, ते आज येथे लिहिले आहे.