मागावरचा महावीर

अचाट वीरांचे परदेशी चित्रपट सारेच कोट्यवधींचे नसतात. ब्रूस लीचा १९७१ चा ‘द बिग बॉस’ थोड्या पैशांत निघाला, कारण त्यात यंत्रे नव्हती. नटाचे अंग हेच भांडवल. बर्फाच्या कारखान्यातला मजूर, लादीतून मादक द्रव्ये पाठविणाऱ्या मालकाशी हातापायांनी लढतो. तो एकटाच लढतो, संघटना करीत नाही, हे आम्हांस खटकते. पण आमच्या सभेपेक्षा तेथे गर्दी अधिक, हेही खरे.

असले चित्रपट व्हिडिओ पार्लरांतून गावोगाव पोचले. मालेगावात असे पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात ती खटपट दिसते. क्रेनऐवजी बैलगाडी, ट्रॉलीऐवजी सायकल! उडण्यासाठी हिरव्या कापडापुढे माणूस आडवा धरावयाचा, मग संगणकाने हिरवा रंग काढून आभाळ बसवावयाचे.

नायक शफीक शेख हा यंत्रमागावरचा हडकुळा कामगार. माग शुक्रवारी बंद. सुट्टी मागताना आम्ही नेहमी विश्रांतीचेच कारण दिले. कामगाराला त्या दिवशी उडावयाचेही असेल, हे आमच्या मागणीपत्रांत कधी आले नाही. या सुपरमॅनची झुंज तंबाखूशी होती. शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगानेच गेला.