डाएट सुरू करण्याआधी गोळ्यांची पाकिटं दाखवा

दिवसात दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची ही पद्धत आता आपल्या वस्त्यांतही पोहोचली आहे. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. वजन उतरलं तर शुगर-बीपीला फायदाच, हे आम्हीही सांगतो. पण शुगरची गोळी चालू असेल तर हिशोब वेगळा.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी तुम्ही जेवलात की नाही हे पाहत नाही. शरीराला इन्सुलिन सोडायला लावतेच. इन्सुलिनच्या सुईचंही तेच. जेवण निम्मं, गोळी तेवढीच, वर ऊसाच्या फडात दिवसभर मोळ्या वाहायच्या. मग साखर एकदम उतरते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलतो. लोक म्हणतात, अशक्तपणा आला. शुद्धीवर असेल तर ३-४ छोटे चमचे साखर पाण्यात घालून पाजा. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. नुसत्या मेटफॉर्मिनवर ही भीती कमी.

म्हणून आधी पाकिटं घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जा. डोस डॉक्टर ठरवतील. मनानं गोळी सोडू नका.

वर्षावासात अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्यांनाही हेच लागू. विनयात आजारी भिक्खूला अवेळीही तूप, तेल, मध, काकवी घेण्याची मोकळीक आहे. उपोसथाला विहारात येताना गुळाचा खडा जवळ असू द्या.