साखरपुड्याला हिऱ्याऐवजी ओपल? अंगठी घेण्याआधी हे समजून घ्या

शिरूर किंवा दौंडमध्ये साखरपुड्याची तारीख ठरली की अंगठ्या गावातल्या सराफाकडे पाहायच्या, नाहीतर एक दिवस काढून पुण्यातला लक्ष्मी रोड गाठायचा. हिऱ्याचा आकडा ऐकून बजेट हलले की मोबाइलवर शोध सुरू होतो आणि रंग उधळणारा ओपल समोर येतो. दिसायला देखणा, साधारण दर्जाचा असेल तर हिऱ्यापेक्षा बराच स्वस्त. प्रश्न एवढाच, की तो रोज बोटात टिकेल का?

ओपल आपल्याकडे नवा नाही. हिरा परवडत नसेल तर शुक्राचे उपरत्न म्हणून ज्योतिषी तोच सुचवतात. त्यामुळे ‘ग्रहाचा खडा साखरपुड्याला कशाला?’ असे घरातून कोणी विचारले तर नवल नाही. हे नावही संस्कृत ‘उपल’ म्हणजे दगड या शब्दावरून आले असावे, असे मानले जाते. उलट साखरपुड्याला हिराच हवा, ही समजूत जगभर पसरवण्यात ‘डी बिअर्स’ कंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा आहे. ‘हिरा कायमचा असतो’ या अर्थाची तिची प्रसिद्ध घोषणा १९४७ची.

धूळ, तवा आणि हळद

हिरा म्हणजे कार्बन, तर ओपल म्हणजे सिलिका आणि पाणी. त्यात साधारण ३ ते १० टक्के पाणी असते. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे ओळीने रचलेले असल्याने प्रकाश फुटतो आणि खडा हलवला की रंग बदलतात. १९६४मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या मदतीने ही रचना उलगडली.

अडचण कठीणपणाची आहे. मोह्स मापनात हिरा १०, ओपल ५.५ ते ६.५. वाळूत आणि धुळीत असणारे क्वार्ट्झ ७. म्हणजे धूळ बसलेली अंगठी ओढणीच्या टोकाने पुसली तरी ओपलवर बारीक चरे पडू शकतात. भांड्यांची घासणी तर दूरच. तव्याजवळून हात काढून थेट गार पाण्यात घातला किंवा अंगठी उन्हात तापलेल्या डिकीत राहिली, तर खड्याला तडे जाण्याचा धोका असतो.

इथिओपियातल्या वेलो भागात २००८मध्ये ओपलचा मोठा साठा सापडला. तिथला ओपल बहुधा पाणी शोषून घेतो. भिजला की रंग फिका पडतो, वाळला की सहसा परत येतो. पण रंगीत द्रव शोषला गेला तर डाग राहू शकतो. हळदीच्या दिवशी अशी अंगठी डबीतच ठेवलेली बरी.

बिलावर काय लिहून घ्याल?

हॉलमार्क आणि सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी सोन्याची शुद्धता सांगतात, खड्याची नाही. इथेच अनेक जण फसतात. ओपल नैसर्गिक की कृत्रिम, सलग की डब्लेट, हे बिलावर वेगळे लिहून घ्यावे. डब्लेट म्हणजे ओपलचा पातळ काप दुसऱ्या दगडावर चिकटवलेला. सतत पाण्यात राहिला तर तो सुटू शकतो. सोन्याचे निव्वळ वजनही वेगळे हवे, कारण अंगठी मोडीत देताना खड्याचे वजन वजा होते.

किंमत हीच अडचण असेल, तर प्रयोगशाळेत तयार केलेला हिराही पाहावा. कठीणपणा तोच १०, दर खाणीतल्या हिऱ्याहून बराच कमी. फक्त पुढे विकताना फारसे पैसे येतील, ही आशा धरू नये. मन ओपलवरच बसले असेल, तर खड्याची कड सोन्याने झाकणारे बंद कोंदण घ्यावे आणि अंगठी कार्यक्रमापुरती घालावी. रोज वापरायचे तर पेंडंट अधिक सुरक्षित, तिथे खडा कशाला घासत नाही. पॉलिशला देताना ‘अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकू नका’ हे सराफाला आधीच सांगावे.