उसातला बिबट्या आणि रानाचा कायदा

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचे निसर्गाने सरळ दोन भाग पाडले आहेत. पश्चिमेस सह्याद्रीचा माथा, नाणेघाट, माळशेज आणि भीमाशंकरचे रान. पूर्वेस कुकडी, मीना आणि घोड या नद्यांची सपाट खोरी. बिबट्या पश्चिमेच्या डोंगरातला आणि बागायतदार पूर्वेच्या शिवारातला, अशी एक सर्वसाधारण समजूत एके काळी होती. आज ती समजूत टिकत नाही. पूर्वेच्या शिवारातला बिबट्या आता वाट चुकून आलेला पाहुणा नव्हे. तो उसात जन्मतो, उसात वाढतो आणि उसालाच आपले घर मानतो. या एका गोष्टीतून शेतकरी, जनावर आणि कायदा अशा तिघांचा तिढा निर्माण झाला आहे. तो सोडवावयाचा तर प्रथम तो समजून घेतला पाहिजे.

डोंगरातले जनावर शिवारात कसे आले? याचे उत्तर पाण्यात आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे कुकडी प्रकल्पात बांधली गेली. कालवे आले, पाठोपाठ ऊस आला; जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कोरडवाहू मुलखाला बरे दिवस आले, यात शंका नाही. परंतु बिबट्याच्या दृष्टीने ऊस म्हणजे काय, याचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. बारा ते अठरा महिने उभे राहणारे, पुरुषभर उंचीहून अधिक वाढणारे, थंड आणि दाट असे ते पीक आहे. आत शिरलेले जनावर दहा हातांवरूनही दिसत नाही. पाणी शेजारी, माणसाची वर्दळ फारशी नाही. पिलांना जन्म देण्यास मादीला याहून चांगली जागा डोंगरातही सहसा मिळावयाची नाही. म्हणूनच तोडणीच्या हंगामात फडात कोयता चालू असताना बिबट्याची पिले सापडल्याची बातमी दरसाल येते. अशा वेळी वनखात्याची माणसे ती पिले त्याच जागी ठेवतात आणि रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते. तिची पिले उचलून नेली तर ती बिथरते, हे अनुभवाने शिकलेले शहाणपण आहे.

आता खाण्याचे पाहू. जुन्नरला लागूनच असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांचा शास्त्रीय अभ्यास केला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा शेतीच्या खोऱ्यात, शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे त्यांना आढळले. विष्ठेच्या तपासणीवरून असे दिसले की, त्यांच्या आहाराचा वजनाने सुमारे ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचाच वाटा ३९ टक्के होता. तात्पर्य, गावाचा उकिरडा कुत्र्याला पोसतो आणि कुत्रा बिबट्याला पोसतो. रानात शिकार उरली नाही म्हणून तो उपाशीपोटी गावात येतो, हे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते. त्याची शिकार गावातच आहे.

मग त्याला पकडून दूर जंगलात का सोडीत नाहीत, असे कोणीही विचारील. हा उपाय सर्वांना सुचतो आणि जुन्नर वनविभागात तो करूनही पाहण्यात आला. २००१ सालापासून येथील बिबटे पिंजऱ्यात धरून मोठ्या प्रमाणावर दूरच्या रानांत सोडण्यात आले. त्याचा परिणाम विपरीत झाला. त्यापूर्वी माणसांवर दरसाल सरासरी ४ हल्ले होत असत. ते १७ वर गेले. पूर्वी शंभरांतील १८ हल्ले प्राणघातक ठरत, ते प्रमाण ३६ झाले.

असे का व्हावे? बिबट्याला आपला मुलूख असतो. तेथील पाणवठे, वाटा आणि माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला ठाऊक असतात, आणि त्यामुळेच तो माणसाला टाळू शकतो. अनोळखी जागी सोडलेले जनावर भेदरते आणि पुष्कळदा घराकडे परत निघते. २००९ साली अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला माळशेज घाटात सोडले होते. गळ्यातल्या यंत्रावरून असे कळले की, हा ‘आजोबा’ सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. शिवाय एक बिबट्या उचलला की त्याची मोकळी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी, बिबट्या घेतो. २०११ साली केंद्र सरकारने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत अशा स्थलांतरास परावृत्त केले आहे, ते यामुळेच.

आता कायद्याकडे वळू. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा आपणाकडे नवा नाही. इंग्रजी अमलात १९१२ साली आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५१ साली असे कायदे झाले होते. परंतु खरी जरब बसली ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. कातड्याच्या व्यापारापायी आणि हौशी शिकारीपायी जनावरे झपाट्याने संपत होती. तो कायदा झाला नसता तर आज हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती, कारण बिबट्याच उरला नसता. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यातील सहा अनुसूचींच्या चार झाल्या, तरी बिबट्या सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीतच राहिला.

याचा शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ असा. रानडुकरासारखे दुसऱ्या अनुसूचीतले जनावर उभ्या पिकाची नासाडी करीत असेल, तर तेवढ्या कारणासाठीही ते मारण्याची परवानगी अधिकाऱ्यास देता येते. बिबट्याच्या बाबतीत मालमत्तेचे नुकसान हे कारण चालत नाही. त्याने शेळी नेली, कालवड मारली, तर नुकसानभरपाई मागावयाची, एवढेच. तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला तरच, आणि पकडणे, बेशुद्ध करणे वा हलविणे शक्य नाही अशी खात्री झाल्यावरच, राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याचा लेखी हुकूम देऊ शकतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’ या शब्दात जनावर पकडणेही येते. त्यामुळे पिंजऱ्यात धरावयाचे तरी परवानगी लागते, आणि ते कार्यालय नागपुरास आहे. मात्र हाच कायदा असेही सांगतो की, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने जनावर मारले गेले तर तो गुन्हा नव्हे. कायद्याला माणसापेक्षा बिबट्या प्यारा आहे, हा आरोप म्हणून खरा नाही.

परंतु शेतकऱ्याचा राग खोटा आहे असेही नव्हे. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्री येते, तेव्हा बारे धरावयास अंधारातच जावे लागते. वस्त्या मळ्यात विखुरलेल्या, ऊस घराच्या भिंतीला टेकलेला. दूरगावाहून आलेले ऊसतोड कामगार तर फडाशेजारीच कोप्यांत पोरेबाळे घेऊन राहतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तीन माणसे गेली. त्यांत दोन मुले होती. लोकांनी वनखात्याचे वाहन जाळले, मंचरजवळ पुणे-नाशिक रस्ता अडविला. अखेर परवानगी येऊन एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. माणूस मरण पावल्यास राज्य सरकार आता २५ लाख रुपये देते. रक्कम लहान नाही. परंतु ती मूल गेल्यावर मिळते.

विचार करावयाचा तो येथे. कायदा झाला तेव्हा रान एकीकडे आणि गाव दुसरीकडे हे चित्र कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होते. अभयारण्य आखून द्यावे, जनावर तेथे राहील, अशी ती कल्पना होती. जुन्नर-आंबेगावात जनावर अभयारण्याबाहेर, खाजगी मालकीच्या उसात राहते. म्हणजे राष्ट्राने ठरविलेल्या रक्षणाचा भार प्रत्यक्षात एका लहानशा प्रदेशातील शेतकरी वाहतात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या बेटांवर हिवाळ्यात रानहंसांचे थवे येऊन कुरणे फस्त करतात. त्या पक्ष्यांना कायद्याचे रक्षण आहे, म्हणून सरकार तेथील शेतकऱ्यांना त्याबद्दल पैसे देते. तेथे प्रश्न गवताचा आहे, येथे जिवाचा. पण तत्त्व एकच: ज्याला जनावर जगावेसे वाटते, त्याने खर्चाचा वाटा उचलला पाहिजे, आणि तो हानी होण्याआधी.

म्हणून मागावयाचे ते असे. शेतीपंपांना दिवसा वीज; ही सोय नव्हे, जीवरक्षणाची तरतूद आहे. बंदिस्त गोठे, वस्तीवर पक्के शौचालय आणि दिवा. घर आणि ऊस यांमध्ये मोकळी पट्टी. उकिरड्यांचा आणि मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त. कामगारांच्या कोप्यांना कुंपण. माणसांवर वारंवार हल्ला करणाऱ्या नेमक्या जनावराविषयीचा निर्णय आठवड्यांत नव्हे, तासांत. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडलेले बिबटे कायमचे सांभाळले जातात. पण तेथे किती मावणार? प्रजननास आळा घालण्याच्या प्रयोगाला २०२५ साली मोजक्या माद्यांपुरती केंद्राची संमती मिळाली. तो जरूर करून पाहावा, परंतु त्याचे फळ दिसण्यास वर्षे लागतील, आणि बारे तर आज रात्रीच धरावयाचे आहेत.

या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर लोक वाघबारशीला वाघोबाची पूजा करतात. त्याला नैवेद्य दाखवितात, आणि आमच्या गुराढोरांना धक्का लावू नकोस असे बजावतातही. त्यात भक्ती आहे, तसा करारही आहे. करार दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. १९७२ साली आपण बिबट्याला शब्द दिला आणि तो बव्हंशी पाळला. शेतकऱ्याला द्यावयाचा शब्द अजून द्यावयाचा राहिला आहे. तो दिला नाही, तर उद्या लोक कायद्याकडे पाठ फिरवतील, आणि मग ऊसही राहील, शेतकरीही राहील. बिबट्या मात्र विषाने आणि फाशाने संपेल.